पिंपातून काढण्याची वेळ

मादामनी काचेच्या लांब नळीतून ब्रँडीचे दोन थेंब माझ्या तळहातावर सोडले आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळायला सांगितले. लग्नाच्या मांडवात दाराशी अत्तर लावतात तेव्हा आपण हात पुढे करतो, तसाच मी तो केला होता. अल्कोहोल क्षणात उडून गेले, तळहात गार पडले, आणि मागे जे राहिले ते नाकाशी नेल्याबरोबर मला निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेरचे बेदाण्याचे शेड आठवले. जाळ्यांवर पसरलेले द्राक्षांचे थर, बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांना येणारा गोडसर, किंचित धुळकट वास, आणि तिथे मुलांना फिरकू न देणारी माझी आजी. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या एका मातीच्या जमिनीच्या कोठारात, घरापासून इतक्या दूर, हा वास माझ्या हाताला लागेल असे मला वाटले नव्हते.

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे तुलूझमध्ये राहते. आमचे घर माळकऱ्यांचे, त्यामुळे दारू या पदार्थाशी माझी ओळख इथे आल्यावरच झाली, आणि तीही बराच काळ वरवरची होती. पण वडील द्राक्ष बागायतदार असल्यामुळे वेलीची भाषा मला लहानपणापासून येते. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने गेल्या नोव्हेंबरात त्याच्या मावशीकडे येण्याचे आमंत्रण दिले, ते मी खरे तर द्राक्षबाग पाहायला मिळेल म्हणून स्वीकारले. मावशी म्हणजेच या मादाम. त्यांचे घराणे पाच पिढ्या आर्मान्याक काढते. कोन्याक हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो, आर्मान्याक मात्र मलाही तुलूझला येईपर्यंत माहीत नव्हते. दोन्ही द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनपासून काढलेल्या आणि ओकच्या पिंपात मुरवलेल्या ब्रँडी आहेत. पण कोन्याकचा बहुतेक व्यापार हेनेसी, मार्टेल, रेमी मार्टां आणि कुर्व्हाझिए या चार मोठ्या पेढ्यांच्या हातात आहे, तर आर्मान्याकचे उत्पादन त्या मानाने फारच थोडे आणि अजूनही मोठ्या प्रमाणात शेतकरी कुटुंबांकडे राहिलेले आहे. जो वेल छाटतो तोच पिंपही राखतो, असे घर तिथे आजही सहज सापडते.

हा प्रदेश जेर्स, लांद आणि लोत-ए-गारोन या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. 1310 च्या सुमारास एओझ या गावच्या मठातल्या व्हिताल द्यु फूर नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने ‘जळत्या पाण्या’चे चाळीस गुण लिहून ठेवले, त्यामुळे फ्रान्समधली सर्वांत जुनी ब्रँडी आपलीच असे इथले लोक अभिमानाने सांगतात. तेव्हा ती औषध म्हणून घेतली जाई. तिचा व्यापार वाढवला तो सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी, कारण बोर्दोच्या मक्तेदारीमुळे आतल्या भागातली वाइन नदीमार्गे बाहेर नेणे अवघड होते, ब्रँडीवर मात्र तसे बंधन नव्हते, शिवाय ती थोड्या जागेत मावे आणि प्रवासात बिघडत नसे. 1909 साली राष्ट्राध्यक्ष फालिएर यांच्या हुकुमाने प्रदेशाची हद्द आखली गेली. ते स्वतः याच भागातल्या मेझां गावचे. त्या हद्दीत तीन विभाग आहेत, आणि मादामचे शेत त्यातल्या पश्चिमेकडच्या बा-आर्मान्याकमध्ये, पिवळसर-तांबूस वाळूच्या जमिनीत आहे.

बागेत शिरल्यावर मी सवयीने वाकून खोड पाहिले. जमिनीपासून वीतभर अंतरावर कलमाची गाठ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम बांधण्याचा. आमच्याकडे पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारवटलेल्या जमिनीमुळे डॉगरीज खुंट वापरतात, तोही अमेरिकनच. मी मादामना तसे सांगितले तेव्हा त्या थांबल्या आणि आम्ही दोघी त्या गाठीकडे पाहत बराच वेळ बोलत राहिलो, खुंट किती वर्षे टिकतो, छाटणी किती डोळ्यांवर घेता, अशा गोष्टी. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या होतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, हे ऐकून त्यांना नवल वाटले. त्यांची वेल हिवाळाभर झोपते.

या बागेत बाको नावाची जात आहे, तिच्याबद्दल थोडे सांगायलाच हवे. फिलोक्सेरानंतर इथली जुनी, नाजूक फोल ब्लांश जात कलमावर नीट टिकेना, तिचे दाट घोस कुजू लागले. तेव्हा लांद जिल्ह्यातल्या फ्रांस्वा बाको या शाळामास्तरांनी 1898 मध्ये फोल ब्लांश आणि अमेरिकन रक्ताची नोआ यांचा संकर केला. भुरी, डावणी आणि फळकूज या रोगांना ही संकरित जात चांगली तोंड देते, आणि वाळूच्या जमिनीत तिची ब्रँडी दीर्घकाळ मुरली तर भरदार होते. फ्रान्समध्ये संकरित जातींकडे संशयाने पाहण्याची रीत असूनही आर्मान्याकने बाकोला आपल्या नियमांत जागा दिली, आणि मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. एका शाळामास्तरांनी आपल्या परसात केलेल्या कामावर गावेच्या गावे उभी राहिली, ही गोष्ट मी वडिलांना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी त्या मास्तरांचे नाव दोनदा विचारून घेतले.

ही द्राक्षे मात्र खायची नव्हेत. निर्यातीसाठी आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर अठरा ब्रिक्स, म्हणजे रसात सुमारे अठरा टक्के साखर, दिसेपर्यंत वाट पाहतो. इथे उलट हवी ती आंबट, पातळ रसाची, कमी साखरेची द्राक्षे. त्यांची वाइन जेमतेम आठ-दहा टक्क्यांची होते आणि तोंडात घेतली तर दात आंबतात. पण गाळताना या वाइनमध्ये जे असेल ते सगळेच घट्ट होणार असल्यामुळे तिच्यात गंधक घालायला मनाई आहे, आणि त्या आंबटपणाच्या भरवशावरच ती भट्टी पेटेपर्यंत टिकते. नियमानुसार 31 मार्चच्या आत सगळे गाळून व्हावे लागते, त्यामुळे हिवाळ्याच्या त्या महिन्यांत सगळ्या मुलखाला घाई असते.

आम्ही गेलो त्या दिवशी भट्टी अंगणात उभी होती. लहान घरांना स्वतःची भट्टी परवडत नाही, म्हणून चाकांवरची तांब्याची भट्टी या शेतावरून त्या शेतावर फिरते आणि भट्टीवाला तिच्याबरोबर मुक्काम करतो. रात्रंदिवस आच चालू असते. थंड वाइन वरून आत शिरते, वाफेची नळी तिच्यातून वेटोळे घेत जाते, त्यामुळे वाइन तापते आणि वाफ निवते, मग तापलेली वाइन तबकड्यांवरून एकेक पायरी खाली उतरते आणि खालून वर येणारी वाफ तिच्यातूनच बुडबुडत जाते. कोन्याकसारखे दोनदा गाळणे बहुतेक ठिकाणी नसते. एकाच फेरीत साधारण बावन्न ते साठ टक्क्यांची, पाण्यासारखी स्वच्छ धार पडते. जितकी कमी तीव्रतेवर ती काढावी तितका फळाचा जाडसर, रांगडा अंश तिच्यात अधिक उतरतो आणि पुढे तिला मुरायला तितकी अधिक वर्षे लागतात. वाइन किती वेगाने सोडायची आणि आच किती ठेवायची, एवढ्या दोनच गोष्टी भट्टीवाल्याच्या हातात असतात. त्याने धारेखाली पेला धरून मला दिला. ती ब्रँडी कोमट होती, नासपती आणि आलुबुखार यांच्या वासाने भरलेली, आणि जिभेवर विस्तवासारखी. कोठारात पुढे मला जे चाखायला मिळणार होते ते अशाच धारेतून बनलेले होते, हे तेव्हा पटणे अवघड होते.

कोठाराच्या भिंती आणि छपराची कौले काळी पडलेली आहेत. ती काजळी नव्हे. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलवर जगणारी ही एक बुरशी आहे, बोद्वां नावाच्या औषधविक्रेत्याने ती 1872 मध्ये कोन्याक गावात प्रथम अभ्यासली, म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले आहे. दर वर्षी पिंपातली दोन-तीन टक्के ब्रँडी अशी हवेत जाते आणि तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. चारशे लिटरचे पिंप धरले आणि वर्षाला अडीच टक्के घट धरली, तर चाळीस वर्षांनी त्यात सुमारे 145 लिटरच उरतात. जमीन मातीची आणि ओलसर असेल तर पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक उडते आणि ब्रँडी हळूहळू मवाळ होते, कोरड्या जागेत ती तीव्र राहते. म्हणून मादाम कोणते पिंप दाराजवळ आणि कोणते आतल्या अंधारात हे दर काही वर्षांनी बदलतात. पिंपाच्या तोंडावर खडूने जात, वर्ष, लिटर आणि तीव्रता लिहिलेली असते.

खडूची अक्षरे पुसली जातात, म्हणून खरा हिशेब वहीत असतो. मोठ्या आकाराची, कापडी बांधणीची ती वही त्यांनी एका उभ्या पिंपावर उघडून ठेवली. एका पिंपाला एक पान, आणि पानावर दर हिवाळ्याची एक ओळ: तारीख, उरलेले लिटर, तीव्रता, आणि शेवटच्या रकान्यात चाखल्यावर लिहिलेले दोन-तीन शब्द. जुन्या पानांवर आजोबांचे तिरके, निळ्या शाईचे अक्षर, मग वडिलांचे, मग मादामचे.

ट्यूलिपच्या कळीसारखे तोंडाशी आवळलेले छोटे पेले त्यांनी पिंपांवर मांडले. मोठा, फुग्यासारखा पेला त्यांना अजिबात आवडत नाही, त्यात आधी अल्कोहोलच नाकात शिरते असे त्या म्हणाल्या. पेला छातीशी धरायचा, तिथून वर येईल तेवढाच वास आधी घ्यायचा, मग हनुवटीशी, मग नाकाशी. जिभेवर घ्यायचे ते चमच्याच्या टोकाएवढे. अशा शिकवणीने सुमारे दोन तास आम्ही पाच पेले चाखले, आणि त्यातले तीन मी विसरणार नाही.

पहिले 1993 चे. रंग इतका गडद की मी ते सर्वांत जुने समजले. वास व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा होता, आणि घोट घेतला तो सुरुवातीला गोड वाटून लगेच कोरडा पडला, कच्च्या सुपारीने जीभ ओढली जावी तसा. फळाचा मागमूसही नव्हता. मादामनी काही न बोलता वहीतले पान काढले. 1994 च्या हिवाळ्यातली एक ओळ वडिलांच्या अक्षरात होती, आणि तिच्याखाली नऊ ओळींची जागा कोरी सोडलेली होती. वडील आजारी पडले, त्या स्वतः तेव्हा बोर्दोत नोकरी करत होत्या, आणि घरातल्या कोणालाही कोठारात जाण्याचे भान राहिले नाही.

नवी ब्रँडी आधी नव्या ओकच्या पिंपात घालतात. नवे लाकूड रंग, व्हॅनिला आणि तुरटपणा भराभर सोडते. सहा महिने ते दोन वर्षे हा त्याचा उपयोग, त्यानंतर ब्रँडी जुन्या पिंपात हलवायची, जिथे लाकूड जवळजवळ काही देत नाही, फक्त त्याच्या छिद्रांतून हवा सावकाश आत येते आणि खरे मुरणे सुरू होते. 1993 च्या या पिंपाला कोणी हलवलेच नाही. ती ब्रँडी नऊ वर्षे नव्या लाकडात बसली, आणि नंतर जुन्या पिंपात कितीही ठेवली तरी तो ओरखडा जात नाही. त्या वर्षाचे म्हणून ती विकता येत नाही. दहा वर्षांहून जुन्या अनेक सालांच्या मिश्रणात ती थोडी थोडी घालतात, आमटीत दगडफूल घालावे इतकीच. नऊ कोऱ्या ओळी मादामनी नंतर भरल्या नाहीत. अंदाजाने काही लिहिता आले असते, पण चाखले नाही ते लिहायचे नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

मी त्यांना आमच्या बागेचे एक वर्ष सांगितले. माल सोळा ब्रिक्सवर आला होता, व्यापारी दाराशी होता, आणि वडिलांनी अजून चार दिवस थांबायचे ठरवले, कारण चार दिवसांत गोडी भरली असती आणि भावही वाढला असता. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी घडांना तडे गेलेले होते, आणि वडील एकेक घड हातात घेऊन पाहत होते, जणू त्यातला एखादा तरी बचावला असेल. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर कितीतरी हंगाम चांगले गेले, पण काढणीच्या आदल्या आठवड्यात वडिलांना नीट झोप लागलेली मी पाहिली नाही. मादामनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि वडिलांचे वय विचारले.

दुसरे 1962 चे होते, आणि ते पिंपात नव्हतेच. कोठाराच्या मागच्या कुलूपबंद खोलीत, तिला ‘पारादी’ म्हणजे स्वर्ग म्हणतात, वेताच्या वेष्टणातल्या मोठ्या पोटाच्या काचेच्या बरण्या होत्या. काचेत गेलेली ब्रँडी पुढे मुरत नाही. तिचे वय तिथेच थांबते, म्हणून त्यांच्या बाटलीवर साल आणि बाटलीत भरल्याची तारीख दोन्ही असतात. 1962 ची ब्रँडी 2004 मध्ये काचेत गेली, म्हणजे तिचे वय बेचाळीस, आज चाखली तरी बेचाळीसच. घरी परत आल्यावर मादामनी घेतलेला तो पहिला निर्णय होता. तेव्हा त्यांना स्वतःच्या जिभेवर पुरता विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी अंथरुणावरच्या वडिलांना चमच्याने ती चाखवली आणि त्यांनी मान हलवल्यावरच पिंप रिकामे केले.

त्या पेल्याबद्दल सावकाश लिहिणे मला भाग आहे. रंग जुन्या तांब्याच्या भांड्याला आतून येतो तसा. वास आला तो लाकडाचा नव्हेच, ओल्या पानांखालच्या अळंबीचा, अक्रोडाच्या सालीचा, मेणाचा, आणि अगदी मागे रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजचा. याला इथे ‘रान्सियो’ म्हणतात. ब्रँडीतली मेदाम्ले कित्येक दशके हवेशी सावकाश संयोग पावून जी संयुगे बनतात त्यांचा हा वास, आणि तशा चीजमध्येही त्याच जातीची संयुगे असतात. एरवी खवट म्हणावे अशी ही गोष्ट इथे इतकी शुद्ध होते की तिच्यासाठी मला मराठीत ‘मुरलेला’ याहून नेमका शब्द सापडत नाही. मग घोट घेतला आणि मला आश्चर्य वाटले, कारण आलुबुखार अजून तिथे होता. सकाळी अंगणात कोमट धारेत ज्याचा वास आला होता तोच, आता सुकलेला, खारकेसारखा गडद, पण ओळखता येईल असा. गिळल्यानंतर तो कितीतरी वेळ तोंडात राहिला. जुनी ब्रँडी केवळ जुनी म्हणून चांगली असते, या समजुतीवर माझा यापुढे विश्वास बसणार नाही. या पेल्यात फळ टिकले होते, कारण ते नाहीसे होण्याआधी कोणीतरी तिला लाकडातून बाहेर काढले होते.

शेवटचे 1986 चे, शुद्ध बाकोचे, अजून पिंपात. मादामनी बूच काढले, नळी आत सोडली, अंगठ्याने तिचे वरचे तोंड दाबून ती वर काढली आणि तिघांच्या पेल्यांत थोडी थोडी सोडली. आधी त्या एकट्याच चाखत राहिल्या. नंतर त्यांनी मला विचारले, आणि ते शिष्टाचारापुरते नव्हते. या हिवाळ्यात तिला काचेत घ्यावे की नाही हे त्यांना खरोखर ठरवायचे होते, आणि भाच्याची जीभ सिगारेटमुळे भरवशाची राहिली नाही असे त्यांचे मत आहे.

मी पुन्हा चाखले. सुरुवात भरदार होती, संत्र्याची साल, जायफळ, मग तो मातकट गंध जेमतेम सुरू झालेला, आणि शेवटी टाळूला किंचित तुरटपणा. 1993 मध्ये होता तसा तो नव्हता, पण होता. मी म्हणाले की शेवट अजून मोकळा झालेला नाही, पण तुरटपणा कमी होतो आहे की वाढतो आहे हे मला एका घोटावरून सांगता येणार नाही. मादामनी मान डोलावली आणि गेल्या दोन वर्षांच्या ओळी मला वाचून दाखवल्या. दोन्हीकडे तुरटपणाची नोंद होती, आदल्या वर्षी ‘बराच’, गेल्या वर्षी ‘थोडा’.

त्यांनी पेल्यात उरलेले थेंब पिंपात परत ओतले, बूच लाकडी हातोडीने दोनदा ठोकून बसवले, आणि वहीत त्या दिवसाची तारीख, लिटर आणि तीव्रता लिहून शेवटच्या रकान्यात लिहिले, ‘अजून नाही’. मग पेनाचे टोपण लावायच्या आधी त्यांनी मला माझे नाव कसे लिहायचे ते विचारले, कारण त्या दिवशी कोणी कोणी चाखले हेही त्या ओळीत लिहायचे असते.